सी शिफ्टचं कँटीन: रात्री १ ची थाळी बंद करावी का?

मेस_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी. पीथमपूरमधल्या एका कारखान्याच्या कँटीन समितीचं काम बघतो. मेनू आणि वेळा दोन्ही नव्याने ठरवायच्या आहेत, म्हणून इथे विचारतोय.

सध्या असं आहे. ए शिफ्ट सकाळी ६ ते २, बी २ ते रात्री १०, सी रात्री १० ते सकाळी ६. दर सोमवारी बदल, आणि क्रम असा की ए नंतर सी, सी नंतर बी. बहुतेक लोक इंदूरहून कंपनीच्या बसने येतात, तासभराचा रस्ता. सीवाल्यांना रात्री १ वाजता पूर्ण थाळी मिळते: चार पोळ्या, तुरीचं वरण, बटाट्याची रस्सा भाजी, भात, वरून शेव. पहाटे ४ ला चहा-समोसा. सकाळी ७ ला बसमधून उतरले की चौकात पोहे-जलेबी, आणि घरी जाऊन लगेच आडवे.

फर्स्ट एड रूमचं रजिस्टर बघितलं तर सी शिफ्टमध्ये छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं याच नोंदी. शिफ्ट बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस 'पोट साफ होत नाही'. उपाय म्हणून पॅन्टोप्रॅझोल (आम्ल कमी करणारी गोळी) किंवा गुलाबी औषधाचं, म्हणजे पातळ अँटासिडचं, झाकणभर.

आता प्रश्न. थाळीची वेळ चुकतेय की पदार्थ? मॅनेजमेंटकडे कुणीतरी रोज रात्री प्रोबायोटिकचं (जिवंत उपयोगी जिवाणूंचं) पाकीट वाटायची कल्पना मांडली आहे, त्यात तथ्य आहे का? आणि शिफ्टच्या क्रमाचा पोटाशी काही संबंध लागतो का? 'हलकं खा' यापलीकडचं सांगा, मला स्वयंपाक्याला ग्रॅम आणि वेळ द्यावी लागते.

शरीरक्रिया_वर्ग

दोन्ही चुकतंय, पण वेळ जास्त.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर तो शरीराची वेळ लावतो. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण यकृत, स्वादुपिंड, आतड्याचं अस्तर, यांच्या पेशींतही तीच घड्याळाची जनुकं २४ तासांचं चक्र फिरवत असतात (या जनुकांच्या कामाबद्दलच हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं). ही पोटाकडची घड्याळं उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेला जास्त जुमानतात. रात्री १ ला भरपेट जेवण दिलंत की मेंदू म्हणतो मध्यरात्र आणि यकृत म्हणतं दुपार. आठवड्याभरात दोघांचं कुठे जमायला लागतं, तोवर सोमवार येतो आणि शिफ्ट बदलते.

आता जठर. तेच घन जेवण सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला देऊन जठर किती वेळात रिकामं होतं हे मोजलेलं आहे. रात्रीचं जेवण बरंच रेंगाळतं. त्यात जठरातलं मूळ आम्ल साधारण रात्री १० ते २ या वेळात सर्वांत जास्त असतं. म्हणजे तुमची थाळी नेमकी अशा वेळी पडते की आम्ल भरपूर आणि पुढे ढकलणं मंद. वर तळलेली शेव आणि समोसा, चरबीमुळे आणखी उशीर. नंतर सकाळी पोहे-जलेबी खाऊन आडवं झालं की लाळ कमी, गिळणं कमी, उभं राहून मिळणारी गुरुत्वाकर्षणाची मदत बंद. जळजळ होणारच.

पोट फुगण्याचं कारण थोडं वेगळं आहे आणि याकडे फारसं कुणी बघत नाही. पोट रिकामं असताना साधारण दर ९० ते १२० मिनिटांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलेले कण, स्त्राव आणि जिवाणू ती मोठ्या आतड्याकडे लोटते. घास पोटात गेला की लाट थांबते. १ ला थाळी, ४ ला समोसा, ७ ला पोहे: आपल्या इंदूरची कचरागाडी गाणं वाजवत दारात यावी आणि प्रत्येक वेळी घरात पंगत बसलेली असावी, तसं होतं. लहान आतड्यात अन्न रेंगाळलं की तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो.

'पोट साफ नाही' हे मोठ्या आतड्याचं. ते रात्री जवळजवळ निवांत असतं, जाग आल्यावर जोरात हलायला लागतं आणि पहिल्या खाण्यानंतर आणखी. सीवाला माणूस ही सकाळची वेळ झोपेत घालवतो. वेग येतो तेव्हा तो पांघरुणात असतो.

सूक्ष्मजीवांबद्दल. आपल्या अंगावर आणि पोटात मिळून अंदाजे ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, आणि आपल्या स्वतःच्या पेशी अंदाजे ३० लाख कोटी. 'दहास एक' हे जुनं प्रमाण २०१६ मध्येच निकालात निघालं, तरी व्हॉट्सॲपवर अजून फिरतं. या जिवाणूंनाही दिवस-रात्र आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या २०१४ च्या कामात दिसलं की उंदरांच्या आतड्यातल्या जिवाणूंच्या जातींचं प्रमाण दिवसभरात ठरावीक पद्धतीने वर-खाली होतं. घड्याळाची जनुकं काढलेल्या उंदरांत ही लय मोडली. आणि गंमत म्हणजे त्याच उंदरांना ठरावीक वेळेतच खायला दिलं तेव्हा लय परत आली. उजेड-अंधाराची वेळ सतत बदलत ठेवलेल्या उंदरांचे जिवाणू निर्जंतुक उंदरांत सोडले तर त्यांचं वजन आणि साखर दोन्ही बिघडलं. उंदीर निशाचर आहे, त्यामुळे त्याचं वेळापत्रक माणसाला जसंच्या तसं लावू नका. घ्यायचा तो मुद्दा एवढाच की जिवाणूंची वेळ आपल्या खाण्याच्या वेळेवर लागते.

माणसांवरचा तुमच्या कामाचा प्रयोग २०२१ चा, बोस्टनचा. १९ निरोगी तरुण, प्रयोगशाळेत नकली रात्रपाळी. एका गटाने रात्री खाल्लं, दुसऱ्याने रात्रपाळी करूनही फक्त दिवसा. पहिल्या गटाची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्याची नाही वाढली. जागरण दोघांना सारखंच होतं. तेव्हा थाळी सरकवा.

ताटवाटी_सुदामानगर

वरच्या उत्तराला जोडून कँटीनचा हिशेब देते. ग्रॅम कच्च्या वजनाचे आहेत.

सीवाल्याचं मुख्य जेवण दुपारी ३ ला, उठल्यानंतर. हे घरी होतं, त्यामुळे तुमच्या हातात नाही, पण नोटीस बोर्डावर लावा. दुसरं जेवण रात्री ८ ते ८.३० ला, बस पकडण्याआधी. जे पीथमपुरातच खोली घेऊन राहतात आणि ज्यांच्याकडे करणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी कँटीनने रात्री ९.१५ ला ताट लावावं. थाळी बंद करायची नाही, चार तास आधी आणायची. खर्च तोच.

या ताटात १०० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या (जमत नसेल तर कोंड्यासकट गव्हाच्या पोळ्या, मैदा मिसळलेल्या नकोत), ४० ग्रॅम अख्ख्या मुगाची उसळ, १५० ग्रॅम दुधी-गिलकं-भोपळ्यासारखी भाजी, काकडी. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये ३ सुद्धा नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने २००० कॅलरीला रोज ३० ग्रॅम तंतू हवेत. तुमच्या आत्ताच्या थाळीत पोळीचं पीठ चाळलेलं असेल तर दोन जेवणांतही ते भरत नाहीत.

हे तंतू म्हणजेच मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं जेवण. ते आंबवून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं बनवतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्याच इंधनावर चालतात. पण एकदम वाढवाल तर पहिल्या आठवड्यात सगळे तुमच्या नावाने बोटं मोडतील. आठवड्याला ५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढवू नका. आधी भाताऐवजी भाकरी, पुढच्या आठवड्यात उसळ. हरभरा-राजमा असेल तर ८ ते १० तास भिजवून ते पाणी ओतून द्या, वायू धरणाऱ्या साखरा बऱ्याचशा त्यात उतरतात.

रात्री १२.३० ला छोटं खाणं, २५० ते ३०० कॅलरी: एक वाटी पातळ मूगडाळ खिचडी, २०० मिलि ताक जिरेपूड घालून, ३० ग्रॅम फुटाणे. शेव, समोसा, मिरचीचं लोणचं नाही. भट्टीवर किंवा प्रेसवर अंगमेहनत करणाऱ्याला ४०० पर्यंत द्या, त्याला उपाशी ठेवून मशीनवर उभं करणं धोक्याचं आहे. चहा २ पर्यंतच. कॅफीन निम्मं उतरायला साधारण ५ तास लागतात, ४ च्या चहाचं निम्मं कॅफीन सकाळी ९ ला, ऐन झोपेच्या वेळी, अंगात असतं.

समोशाच्या जागी पहाटे ५.३० ला, शिफ्ट सुटायच्या आधी, छोटा नाश्ता: एक वाटी उपमा किंवा पोहे, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) चालेल, शेव-जलेबी नको. वेळेचं कारण असं की ५.३० ला खाल्लं, ७ ला घर, ८ ला झोप, म्हणजे आडवं होण्याआधी अडीच तास मिळाले. ७.१५ ला चौकातली जलेबी खाल्ली तर पाऊण तासही मिळत नाही. (इंदुरात सकाळी जलेबी सोडा म्हणणं म्हणजे पाप, कळतं. सुट्टीच्या दिवशी खा.)

इसबगोल वाटायचं असेल तर लहान चमचाभर, २५० मिलि पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. दुपारी ३ च्या जेवणाआधी. कोरडा फाकायचा नाही, तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकतो. झोपायच्या तोंडावर घेऊ नका. इतर गोळ्यांपासून किमान दोन तास लांब.

गोळी_नंतर

दोघांचं बरोबर, पण एक गोष्ट सुटली आहे. 'रात्री काही खाऊ नका' हे मधुमेहाच्या माणसाला सरसकट लावू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चार तास सरकवलं आणि डोस तिथेच ठेवला, तर मशीनवर साखर खाली येईल: घाम, थरथर, गोंधळ. मेनू बदलायच्या आधी कारखान्याच्या डॉक्टरांना अशा लोकांची यादी करायला सांगा, डोसची वेळ तेच ठरवतील.

पॅन्टोप्रॅझोल फर्स्ट एड रूममधून जळजळ झाल्यावर देणं म्हणजे गोळी वाया. ती चालू झालेल्या आम्लपंपावर बसते, म्हणून मोठ्या जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची. सी शिफ्टमध्ये तिची वेळ दुपारी २ ते २.३०, सकाळी नाही. 'सकाळी उपाशीपोटी' हे डॉक्टरांनी दिवसपाळीच्या माणसाला सांगितलेलं असतं, रात्रपाळीवाला ते सकाळी ७ ला झोपण्याआधी घेतो आणि मग म्हणतो गुण येत नाही. आणि महिनोन् महिने स्वतःच्या मनाने नाही. गुलाबी औषध तात्पुरतं ठीक, पण थायरॉइडची गोळी किंवा लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी नको, दोन्ही नीट शोषल्या जात नाहीत.

रजिस्टरात आणखी दोन रकाने टाका: तंबाखू आणि वेदनाशामक. जागं राहायला गालात तंबाखू किंवा गुटखा ठेवतात, निकोटीनने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. कंबर दुखते म्हणून रिकाम्या पोटी डायक्लोफिनॅक, त्याने जठराचं अस्तर सोलतं. मेनू कितीही सुधारला तरी हे दोन चालू असले तर नोंदी कमी होणार नाहीत.

प्रोबायोटिकच्या पाकिटांवर पैसे घालू नका. त्यांचा उपयोग जातीनुसार आणि कारणानुसार असतो. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबात सॅकरोमायसिस बोलार्डी किंवा लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी यांचा काही फायदा दिसतो. पण 'रात्रपाळीच्या पोटासाठी' सरसकट वाटणं, आणि तेही वेळ आणि तंतू न बदलता, म्हणजे आलेल्या पाहुण्यांना उपाशी ठेवणं. बहुतेक पाकिटांतले जिवाणू आतड्यात मुक्कामाला राहतच नाहीत, घेणं थांबलं की थोड्याच दिवसांत निघून जातात. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नयेत. तेवढ्या पैशात ताक येतं. फक्त त्या ताकाची कढी करू नका, उकळलं की जिवाणू मेले. कढी म्हणून उत्तम, जिवाणू म्हणून शून्य.

'आतड्याच्या जिवाणूंची तपासणी' विकणारा कुणी एजंट आला तर त्यालाही नमस्कार करा. नुसत्या जातींच्या यादीवरून काय खायचं हे आज ठरत नाही.

थेट डॉक्टरांकडे पाठवायचे ते: काळी डांबरासारखी किंवा रक्त मिसळलेली शौच, न ठरवता वजन उतरणं, घास अडकणं, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग, किंवा वयाच्या पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणं. यांना कँटीनमधून सल्ला नको. आणि छातीत दाब येऊन घाम फुटत असेल, दुखणं जबड्यात किंवा हातात जात असेल, तर गुलाबी औषध बाजूला ठेवून गाडी काढा.

मेस_सेक्रेटरी

हे छान झालं. ९.१५ चं ताट जमेल असं वाटतं, ठेकेदाराशी बोलतो. शिफ्टच्या क्रमाचं राहिलं. आणि बी शिफ्टचं काय करायचं? त्यांच्या तक्रारी कमी आहेत, पण आहेत.

शरीरक्रिया_वर्ग

तुमचा क्रम उलटा आहे. ए-सी-बी म्हणजे कामाची वेळ दर वेळी आठ तास मागे जाते. माणसाचं आतलं घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा किंचित मोठं आहे, त्यामुळे उशिरा झोपायला ते सहज तयार होतं, लवकर झोपायला नाही. ए-बी-सी केलंत तर बदल पुढच्या दिशेने होतो आणि अंग लवकर जुळतं. एवढ्याला पैसे लागत नाहीत, फक्त कामगार संघटनेशी बसून बोलावं लागतं, कारण सुट्टीचा दिवस कसा येतो ते बदलतं.

सी शिफ्टमधून घरी जाताना बसमध्ये काळा चष्मा, झोपायच्या खोलीला जाड पडदा. उन्हाळ्यात इंदुरात सहालाच लख्ख असतं, ते ऊन डोळ्यांवर पडलं की मेंदू 'दिवस उगवला' असं धरतो आणि झोप चार तासांवर येते. सुट्टीच्या दिवशी पूर्ण दिवसपाळीवर उडी मारण्याऐवजी दुपारी ३ च्या आणि रात्री ८.३० च्या जेवणाच्या वेळा तशाच ठेवता आल्या तर पोटाला तेवढाच आधार. घरी पाहुणे असले की हे जमत नाही, तो भाग वेगळा.

ताटवाटी_सुदामानगर

बी शिफ्टकडे जरूर बघा, माझ्या मते ती लपलेली गडबड आहे. १० ला सुटतात, ११.१५ ला घरी, गरम पोळ्या, पोटभर जेवण, १२ ला झोप. नाहीतर चौघे मिळून थेट सराफा, इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार. तिथे दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावरच खरी गर्दी होते, आणि हिवाळ्यात गरम तुपातले गराडू (तळलेला कंद) समोर असताना कोण नाही म्हणेल? पण आम्लाची वेळ तीच आणि आडवं होण्याआधी अर्धा तासही नाही.

बीवाल्यांचं पूर्ण जेवण कँटीनमध्येच संध्याकाळी ७ ला द्या. आत्ता त्यांना ६ ला चहा-बिस्किट मिळत असेल तर ते काढा. घरी गेल्यावर फक्त ताक किंवा कोमट दूध, एखादं केळं. घरच्यांनाही हे सांगावं लागतं, नाहीतर आई किंवा बायको ताट वाढून बसलेली असते आणि भांडण पोटावरून घरावर जातं. तरीही जळजळ होणाऱ्याने डाव्या कुशीवर झोपावं आणि पलंगाची डोक्याकडची बाजू १५ सेंटिमीटर विटा घालून उचलावी. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट मुडपतं आणि उलट दाब वाढतो.

गोळी_नंतर

परिणाम मोजायला साधं कोष्टक ठेवा: शेवटचं मोठं खाणं किती वाजता, जळजळ हो की नाही, शौचाचा प्रकार ब्रिस्टल तक्त्याप्रमाणे १ ते ७ (३ आणि ४ चांगले, १-२ म्हणजे बद्धकोष्ठ, ६-७ म्हणजे पातळ). तीनही शिफ्ट फिरून येईपर्यंत आधीची नोंद, मग तेवढीच नंतरची. वेळ आणि पदार्थ एकाच सोमवारी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी वेळ.

आणि एक शंका. तुमची १ ची थाळी कधी शिजते? वरण-भात रात्री ८ ला शिजवून पाच तास मोठ्या पातेल्यात नुसता झाकून ठेवत असाल, तर काही 'ॲसिडिटी' ही ॲसिडिटी नाहीच. भातात बॅसिलस सिरियसचे बीजाणू शिजवूनही टिकतात, कोमट अन्नात उगवतात, आणि त्यांचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. १२.३० च्या खिचडीलाही हे लागू आहे. वाढेपर्यंत अन्न ६० अंशांच्या वर ठेवा, बॅन-मारीत (गरम पाण्यावर अन्न गरम ठेवायच्या भांड्यात), आणि थर्मामीटर पातेल्याच्या मधोमध बुडवून बघा, कडेला नाही. ते जमणार नसेल तर ११.३० ला कुकर लावा, मूगडाळ खिचडीला वेळ तो कितीसा लागतो. उरलेली खिचडी सकाळच्या ए शिफ्टला फिरवायची नाही, हे ठेकेदाराच्या करारातच लिहून घ्या.